ट्रेलवर फिरता ना? मग एक शनिवार कामाला या

मिनेसोटात बर्फ धरायला लागला की आपल्या मराठी ग्रुपवर स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, भाड्याने घेऊन फिरायला जायचे बेत शिजायला लागतात. जरूर जा, जंगलातून आणि गोठलेल्या शेतांमधून जाताना मिळणारा आनंद दुसऱ्या कशात नाही. पण ज्यांना ही मजा आवडते त्यांनी वर्षातला एखादा शनिवार ट्रेलच्या, म्हणजे या गाड्यांसाठी आखलेल्या वाटांच्या, कामाला द्यावा, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

बऱ्याच जणांना वाटतं की हे ट्रेल सरकार आखतं आणि सरकारच सांभाळतं. तसं नाही. राज्यात २२,००० मैलांहून जास्त स्नोमोबिल ट्रेल आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे गावोगावचे स्नोमोबिल क्लब सांभाळतात. अनुदान मिळतं, तेही स्नोमोबिलच्या नोंदणी शुल्कातून आणि पेट्रोलवरच्या करातून आलेलं. पण वाटेत वाढलेली झुडपं तोडायला, लाकडी पुलाच्या फळ्या बदलायला, पाट्या लावायला माणसं लागतात, आणि ती पगारी नसतात. आमच्या क्लबात नेमाने येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न मला सतावतो.

त्याहून मोठी गोष्ट जमिनीची. ट्रेलचा बराच भाग खासगी जमिनीतून जातो. अमेरिकेच्याच व्हरमाँट राज्यात तर सुमारे ८० टक्के ट्रेल खासगी जमिनीवर आहेत. म्हणजे कोणीतरी शेतकरी 'जा माझ्या शेतातून' म्हणतो, म्हणून आपण जातो. त्या परवानगीपोटी त्याच्या हातात फारसं काही पडत नाही. त्याची अपेक्षा एवढीच असते की लोकांनी ट्रेलच्या खुणेसाठी रोवलेल्या काठ्यांच्या मधूनच जावं. त्याला कारणही आहे. पातळ बर्फाखाली लसूणघास असेल आणि त्यावरून गाड्या गेल्या, तर बर्फ दाबून घट्ट होतो, त्याचं ऊबदार पांघरूण राहत नाही आणि मुळं थंडीने मरतात. वसंतात त्या शेतात गाडीच्या पट्ट्यांच्या रुंदीचे रिकामे पट्टे दिसतात. वरून सगळं पांढरंशुभ्र, त्यामुळे फिरणाऱ्याला पत्ताही नसतो. गेल्या हिवाळ्यात काही जणांनी कोपरा वाचवायला असंच एक शेत तिरकं कापलं. मालकाने परवानगी काढून घेतली. मला मालकाचा अजिबात राग आला नाही, राग आला तो त्या फिरणाऱ्यांचा. तो सगळा तुकडा आम्हाला रस्त्याकडेच्या चरातून वळवावा लागला.

पाट्यांच्या कामाबद्दल लिहायलाच हवं, कारण लोकांना ते क्षुल्लक वाटतं. मक्याची कापणी झाल्याशिवाय शेतात शिरता येत नाही आणि हंगाम १ डिसेंबरला सुरू होतो. मधल्या थोड्या दिवसांत सगळं उरकायचं. कापणी लांबली की जमीन गोठते आणि काठी ठोकून आत जात नाही. मग ड्रिलने आधी भोक पाडायचं. थंडीत ड्रिलची बॅटरी लगेच मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी जॅकेटच्या आत, छातीशी ठेवायची. काठी रोवली की पाटी अशा उंचीवर लावायची की जानेवारीतल्या बर्फाखाली गाडली जाणार नाही आणि रात्री हेडलाइटच्या प्रकाशात चमकेल. वळणाची पाटी वळणावर लावून उपयोग नसतो. ती आधी दिसली पाहिजे, इतकी आधी की वेगात आलेल्या माणसाला वेग कमी करता यावा. आणि पाट्यांची गर्दीही करायची नाही, नाहीतर लोक बघायचंच सोडून देतात. कुंपणाची तार, विजेच्या खांबाला ताण देणारी तार, नाल्याची कड, यातलं एक जरी राहिलं तरी जीव जाऊ शकतो. मी हे काम करायला लागल्यापासून ट्रेलवरची प्रत्येक पाटी वाचते.

तळ्यांबद्दल एक स्पष्ट सांगते. तळ्यावर काठ्या दिसल्या म्हणजे बर्फ पक्का आहे, असं समजू नका. काठ्या फक्त दिशा दाखवतात. स्नोमोबिलसाठी नवा, स्वच्छ बर्फ कमीत कमी ५ इंच जाड लागतो, आणि जिथे झरा किंवा प्रवाह असेल तिथे त्याचाही भरवसा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर तळं टाळाच.

ग्रूमर, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं यंत्र, चालवणारे बहुतेक रात्री निघतात. तेव्हा गर्दी नसते, थंडी वाढलेली असते आणि सपाट केलेला बर्फ सकाळपर्यंत घट्ट बसतो. ट्रॅक्टरमागचा तो लांब सांगाडा उंचवटे कापत, बर्फ दाबत हळूहळू पुढे सरकतो. नुकत्याच सपाट केलेल्या पट्ट्यावरून लगेच गाडी नेली की ती मेहनत फुकट जाते. म्हणून रात्री समोर ग्रूमर दिसला तर वेग कमी करा, बाजूला थांबा आणि चालवणाऱ्याला जाऊ द्या.

यायचं असेल तर स्वतःची स्नोमोबिल असायची गरज नाही. आपल्या भागातल्या क्लबच्या मासिक सभेला जा आणि 'मी शनिवारी मोकळा आहे' किंवा 'मोकळी आहे' एवढं सांगा. उबदार बूट, दोन जोड हातमोजे आणि थर्मासमध्ये चहा घ्या, अवजारं क्लबची असतात. आणि ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी हंगाम संपल्यावर या. शेतात ट्रॅक्टर फिरायच्या आत प्रत्येक काठी उपटून परत आणावी लागते, आणि त्या कामाला सगळ्यात कमी माणसं येतात.