पावसातल्या क्लिपने सातारा फिरला, हे खरं नाही

निवडणूक जवळ आली की साताऱ्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: 18 ऑक्टोबर 2019 ला शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले, तो व्हिडिओ रातोरात घराघरांत गेला आणि तीन दिवसांनी सातारा फिरला. त्यामुळे सभा, पदयात्रा, कार्यकर्ते यांचे दिवस सरले. आता निवडणूक मोबाइलवर लढायची, आणि मोबाइल सगळ्यांकडे असल्यामुळे मोठा उमेदवार काय नि छोटा काय, दोघे सारखेच. पहिल्यांदा उभी राहणारी तरुण पोरं हे वाचून खरोखर तसं वागू लागली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सातारा फिरला." फिरला कुठे? 1999 पासून एप्रिल 2019 पर्यंत सातारा लोकसभेच्या पाचही सार्वत्रिक निवडणुका राष्ट्रवादीने जिंकल्या होत्या. शेवटच्या वेळी उदयनराजे भोसले याच पक्षाकडून सुमारे 1 लाख 26 हजारांनी निवडून आले. सप्टेंबरात ते राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, पोटनिवडणूक लागली आणि राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजारांनी जिंकले. म्हणजे पक्षाचं मताधिक्य उलट कमीच झालं. बदलला तो उमेदवाराचा पक्ष. मतदारसंघ होता तिथेच राहिला. निवडून दिलेला खासदार चार महिन्यांत दुसऱ्या पक्षात गेला, यावर गावोगावच्या पारावर पाऊस पडायच्या आधीपासून बोललं जात होतं.

"क्लिपनेच निकाल लावला." हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात कच्चाही हाच आहे. 21 ऑक्टोबरला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान एकत्र झालं. माणूस एकाच खोलीत शिरला, दोन यंत्रांवर दोन बटणं दाबून बाहेर आला. व्हिडिओ त्याने पाहिला असेल तर दोन्ही मतांच्या आधी पाहिला होता. आता निकाल बघा. या लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. त्यातल्या तीन ठिकाणी पवारांच्या विरोधातल्या युतीचे आमदार निवडून आले. पाटणला शिवसेनेचे शंभूराज देसाई. कोरेगावात शिवसेनेच्या महेश शिंदेंनी राष्ट्रवादीचे विद्यमान आमदार शशिकांत शिंदे यांना पाडलं. आणि ज्या साताऱ्यात ती सभा झाली तिथे भाजपचे शिवेंद्रराजे भोसले, तेही काही महिन्यांपूर्वीच राष्ट्रवादी सोडून गेलेले. खासदाराचं पक्षांतर लोकांनी नाकारलं, आमदाराचं चालवून घेतलं. पाणी, रस्ता, ऊस, कारखाना, अडल्यावेळी कोण दवाखान्यात धावून येतं, असा सगळा हिशेब आमदाराच्या मतामागे असतो. तो हिशेब एका व्हिडिओने पुसला गेला म्हणणं हा मतदाराचा अपमान आहे.

व्हिडिओचा परिणाम झालाच नाही, असं मी म्हणत नाही. एकामागून एक नेते पक्ष सोडत असताना खचलेल्या कार्यकर्त्यांना त्याने हुरूप दिला, आणि शेवटच्या दिवसांत तो हुरूप मोलाचा होता.

"सभांचे दिवस सरले." अहो, ती क्लिप सभेचीच आहे! 78 वर्षांचा माणूस भिजत उभा राहिला आणि समोरचे लोकही डोक्यावर खुर्च्या धरून थांबले, म्हणून ती पाहण्याजोगी झाली. त्यात पवार काय म्हणाले तेही आठवा: लोकसभेचा उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली. लोकांच्या तोंडावर दिलेली कबुली होती ती. कॅमेऱ्यासमोर घरात बसून तेच बोलले असते, तर कुणी ते पुढे पाठवलं असतं?

"मोबाइलवर सगळे सारखे." पैसे टाकून जाहिरात पुढे ढकलणारा आणि मित्रांना लिंक पाठवणारा सारखे कसे? शिवाय जावळी-पाटणच्या डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर रेंज धड मिळत नाही. घरात एकच फोन असतो आणि तो पोराच्या हातात. त्याची आई मात्र मत द्यायला न चुकता जाते. तिच्यापर्यंत तुमचा रील पोचलेला नसतो.

"कार्यकर्ता कालबाह्य झाला." याला 2024 च्या लोकसभेने उत्तर दिलंय. पावसातली क्लिप तेव्हाही लोकांच्या फोनवर होतीच. उदयनराजे भाजपकडून सुमारे 32 हजारांनी जिंकले. पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे हरले, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं, ज्याला लोक पिपाणी म्हणाले. त्या अपक्षाला सुमारे 37 हजार मतं पडली, विजयाच्या फरकापेक्षा जास्त. यातली किती गोंधळातून गेली याचं मोजमाप कुणाकडे नाही, पण पक्षाची तक्रार तीच होती. तुतारीची गाणी प्रचारात स्टेटसला भरपूर वाजली होती. अशा वेळी लागतो तो नमुना मतपत्रिका घेऊन दारात बसणारा माणूस: "आज्जी, नाव कितवं ते बघा. चिन्हात माणूस उभा आहे, नुसती पिपाणी नाही. आता मला बोट ठेवून दाखवा." आज्जीचं बोट चुकलं तर तो पुन्हा दाखवतो. मग मतदार यादीत तिच्या नावापुढे खूण करून पुढच्या घरी जातो.