ड्यूकसाहेबांचं घरभाडं

ब्रिटनमधल्या डेव्हनशर या सरदार घराण्याचे दहावे ड्यूक (ड्यूक हा तिथला सर्वांत वरचा सरदारी किताब) २६ नोव्हेंबर १९५० रोजी लाकडं फोडता फोडता हृदयविकाराने गेले. वय ५५. मृत्युकर चुकवण्यासाठी त्यांनी इस्टेटीची व्यवस्था आधीच मुलाच्या बाजूने लावून ठेवली होती, पण तेव्हाच्या कायद्यात अट होती की असं दान केल्यावर पाच वर्षं जगायला हवं. काही महिने कमी पडले. सरकारने ऐंशी टक्के कर लावला.

‘करापायी ब्रिटनची जुनी घराणी बुडाली हो,’ अशी हळहळ अधूनमधून वाचायला मिळते. मला विचाराल तर तो कर बसला हे उत्तम झालं.

आधी हे घराणं कसं टिकलं ते बघा. (नाव डेव्हनशरचं, चॅट्सवर्थ हा वाडा मात्र डर्बीशरमध्ये. असो.) चॅट्सवर्थची जागा १५४९ मध्ये घेतलेली, ड्यूकपद १६९४ चं. इतक्या पिढ्या इस्टेट फुटली नाही, कारण सगळं थोरल्याला. आपल्याकडे चार भाऊ म्हणजे सातबाऱ्यावर चार नावं आणि बांधावरून कोर्टकचेरी. तिथे धाकट्याने सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर पैसेवाली बायको बघावी. बहिणींना स्थळं शोधायची. त्या अखंड इस्टेटीची किंमत आधी घरातल्याच माणसांनी मोजली आहे.

मग गावाने. सहाव्या ड्यूकने एडन्सॉर हे गाव उचलून पलीकडे नव्याने वसवलं. हेच ड्यूक बागेचे वेडे. त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचेच्या उष्णगृहात मॉरिशसकडून आलेलं केळीचं रोप वाढवलं, १८३५ मध्ये त्याला फूल आलं, पुढे घड लागला आणि केळीला घराण्याचं आडनाव मिळालं, कॅव्हेंडिश. आमच्या रावेर-यावलकडची बसराई काय किंवा आताची ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. खानदेशी माणसाला या घराण्याबद्दल एवढं कुतूहल का, याचं उत्तर इथे आहे!

जमीनदार म्हणून ड्यूकची कामंही खरी होती, ते नाकारत नाही. कुळांच्या घरांची छपरं, शेतांचे करार, जंगल, चर्च, कुठल्या तरी समितीचं अध्यक्षपद. सातव्या ड्यूकने केंब्रिजला पैसे दिले, त्यातून कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात दहाव्या ड्यूकने वाडा मुलींच्या शाळेला देऊन टाकला. सैनिकांपेक्षा मुली वाड्याची नासधूस कमी करतील, हा त्यामागचा हिशेब. हुशार माणूस.

अकरावे ड्यूक, अँड्र्यू, हे खरं तर धाकटे. थोरला भाऊ बिली १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढाईत पडला. त्यामुळे ज्याला फारसं काही मिळायचंच नव्हतं त्याला तिसाव्या वर्षी १२६ खोल्या, सव्वा एकराहून मोठं छप्पर आणि कराचं हे बिल मिळालं. करखात्याशी घासाघीस सतरा वर्षं चालली, व्याज चढत राहिलं. हजारो एकर जमीन विकली. हार्डविक हॉल हा दुसरा वाडा सरकारला दिला, तो १९५९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेला. रेम्ब्रांटचं एक चित्र नॅशनल गॅलरीत आलं.

आणि मग हे कुटुंब कामाला लागलं. ड्यूकच्या पत्नी, डचेस डेबोरा यांनी १९७७ मध्ये इस्टेटीवरचं मांस नि भाजीपाला विकायचं दुकान काढलं. १९८१ मध्ये धर्मादाय ट्रस्ट झाला. ट्रस्टला वाडा ९९ वर्षांच्या कराराने, वर्षाला एक पौंड भाड्याने. उलट ड्यूक स्वतः राहतात त्या खोल्यांचं भाडं ट्रस्टला भरतात, तेही बाजारभावाने! मला ही व्यवस्था फार आवडते.

अर्थात, याच करापायी ब्रिटनमधले शेकडो वाडे पाडले गेले, हेही खरं. याच घराण्याचा लंडनमधला डेव्हनशर हाऊस १९२० मध्ये विकला गेला आणि पुढे पाडला. पण कर नसता तर सगळे वाचले असते, हे मला पटत नाही. आपल्याकडे १९५३ मध्ये आलेला इस्टेट ड्यूटीचा कायदा १९८५ मध्ये गेला. त्यानंतर किती वाडे उभे राहिले? वारसांच्या सह्या जमेनात, म्हणून बिल्डर.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. १९९९ च्या कायद्याने ९२ सोडून बाकीच्या वंशपरंपरागत लॉर्डांची हाऊस ऑफ लॉर्ड्समधली, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातली, जागा गेली. २०१३ च्या कायद्याने राजघराण्यात थोरली मुलगी धाकट्या भावाच्या पुढे आली. ड्यूकची मुलगी मात्र आजही सहसा किताबाच्या रांगेत नाही. राजाच्या घरी चालतं, तर ड्यूकच्या घरी घोडं नेमकं कुठे अडतंय?