‘सरळ विंडोज नव्याने टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार.

‘एसएसडीवरून बूट होत नाही, त्यासाठी एवढं पुराण कशाला? सरळ विंडोज नव्याने टाका, अर्ध्या तासाचं काम. उगाच लेख पाडू नका,’ असं माझ्या त्याच विषयावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत. (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क; बूट होणं म्हणजे मशीन सुरू होऊन विंडोज उघडणं.) मतभेदाला माझी ना नाही. पण ‘लेख पाडणे’ ही भाषा मी वाचकांशी कधी वापरलेली नाही, तेव्हा तेवढीच अपेक्षा त्यांच्याकडूनही ठेवतो. लेखातला बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) फोटो अंधुक आलाय हे मात्र खरं, बदलतो.

आता ते अर्ध्या तासाचं काम. लेखातली तक्रार काय होती? हार्ड डिस्क एसएसडीवर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. जुनी डिस्क काढली की ‘नो बूटेबल डिव्हाइस’, परत जोडली की मशीन सुरू. बायोसमधल्या बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसतो, पण त्याच्यापुढे कंसात नाव जुन्याच डिस्कचं. म्हणजे बूट फाइली ज्यात असतात ते ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग), जेमतेम शंभरेक एमबीचं, तिकडेच राहिलंय. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज नव्याने टाकलंत, तर सेटअप बहुधा तेच पार्टिशन पुन्हा वापरतो. अर्धा तास गेला, घातलेली सगळी सॉफ्टवेअर गेली, आणि जुनी डिस्क काढल्यावर पुन्हा तोच संदेश! त्यापेक्षा एसएसडीवर फॅट३२ या फॉरमॅटचं छोटं पार्टिशन करून बीसीडीबूट या बूट फाइली लिहिणाऱ्या कमांडची एक ओळ चालवा, एवढंच मी म्हटलं होतं. हे पुराण?

आणि बायोसलाच एसएसडी दिसत नसेल तर? एम.२ या पट्टीसारख्या एसएसडी एनव्हीएमई आणि साटा अशा दोन वेगळ्या पद्धतींच्या असतात; फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये कुणी साटाची खोचली असेल, तर विंडोज टाकणार कशावर?

एका केबलवरच्या दोन हार्ड डिस्कांपैकी पहिली कोणती हे ठरवायला त्यांच्यामागचे मास्टर-स्लेव्हचे जंपर चिमट्याने हलवायचे, तेव्हापासून मी मशीनं उघडतोय. ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला तेव्हाही सगळ्यात आधी तोच द्यायचा, ज्याचा डेटा त्यात नसायचा.

बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी काढून ठेवायला सांगितलं नाही, सिक्युअर बूटचा (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणाऱ्या सोयीचा) उल्लेख नाही, वगैरे आपले बाकीचे मुद्दे. रिकव्हरी की ज्याची त्याने सांभाळावी. सगळंच एका लेखात कोंबत नाही मी.

‘नाहीतर सीएसएम चालू करून बघा’ हा आपला शेवटचा सल्ला मात्र कृपया कुणी ऐकू नये. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने, लिगसी मोडमध्ये, बूट होऊ देणारी बायोसमधली सोय. डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असेल तर लिगसी मोडमध्ये विंडोज त्यावरून सुरूच होत नाही.