पाळत कशी ठेवून घ्यावी

मुक्त व्यापाराला विरोध करायचं ठरवलंय? उत्तम. सोलापुरात या धंद्याला भांडवल फार लागत नाही. एक फ्लेक्स, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, आंदोलनं बसतात त्या पूनम गेटसमोरची थोडी जागा आणि निवेदनाच्या पाच प्रती. चार नव्हे, पाच. पाचवी पोलिसांच्या गोपनीयवाल्याची.

त्याला शोधावं लागत नाही. तो साध्या वेशात असतो, त्यामुळे आसपासच्या सगळ्यांना तो पोलीस आहे हे माहीत असतं. जवळ येऊन तो विचारेल, "अण्णा, किती लोकं येणार ओ?" इथं नवखे घसरतात. तोऱ्यात पाचशे सांगतात. पाचशे म्हटलं की बंदोबस्त लागतो, बंदोबस्त लागला की नोटीस निघते, आणि येतात अकरा. मग त्या बिचाऱ्याला वरून बोलणी बसतात. तेव्हा खरा आकडा सांगा. तुमच्या मोर्चाला खरोखर किती माणसं होती, याची नोंद जगात फक्त त्याच्या डायरीत राहणार आहे. तुमच्या प्रसिद्धिपत्रकात ती कधीच नसते.

निवेदन लिहिताना हाच वाचक डोळ्यांसमोर ठेवा. कार्यालयात निवेदनावर आवकचा शिक्का बसतो, वाचलं जातंच असं नाही. पेपरवाले फोटो छापतात आणि तिसऱ्या नावानंतर 'आदी उपस्थित होते' म्हणून मोकळे होतात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो तो हा एकटा, कारण त्याला त्याचा सारांश वर पाठवायचा असतो. म्हणून सोपं लिहा. 1 जानेवारी 2005 ला जागतिक व्यापार संघटनेच्या करारानं कापडाचा कोटा संपला, असं तुम्ही सहज लिहून जाल. तो विचारेल, "कोटा म्हणजे रेल्वेचा का?" हसू नका. त्याला खुर्ची द्या, चहा सांगा. पूर्वी कुठल्या देशानं किती कापड पाठवायचं याला मर्यादा होती, ती गेली आणि आपला टॉवेल चीन-पाकिस्तानच्या टॉवेलसमोर उघड्यावर उभा राहिला, हे त्याला समजेपर्यंत सांगा. वर अहवाल जाईल, 'सदर इसम हा टॉवेल, चादर व सूत या विषयांवर बोलत असून त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवण्यात येत आहे.' जागतिक व्यापार संघटनेवर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

शब्द जपून वापरा. 'परदेशी माल घेऊ नका' हे वाक्य व्यासपीठावरून म्हटलं तर देशप्रेम, फुटपाथवरून म्हटलं तर नोंद. जागा बदलली की अर्थ बदलतो, हा मराठीचा जुनाच गुण. याच गावात मे 1930 मध्ये लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना फाशी झाली. आज त्यांचे पुतळे चौकात आहेत. परदेशी कापडावरच्या बहिष्काराचे ते दिवस. त्या पुतळ्यांना हार घालताना मोठ्यांनी 'स्वदेशी' म्हणायला हरकत नाही. आणि 24 जुलै 2025 ला ब्रिटनशीच मुक्त व्यापार करार झाला, हे वाक्य त्याच भाषणात घेऊ नका. विनाकारण एकमेकांना लागतं.

करार आधी वाचायला मागू नका. हा सगळ्यात मोठा संशयास्पद प्रकार. आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी सोळा देश वर्षानुवर्षं बंद दाराआड करत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये भारत बाहेर पडला, तरी सामान्य माणसाच्या हाती मसुदा आलेला नव्हता. बरोबरच आहे. करार सव्वाशे-दीडशे कोटी लोकांचा, तो गुप्त ठेवायलाच हवा. तुमचा फोन तुमच्या एकट्याचा, त्यात लपवण्यासारखं काय असणार?

फोनचं म्हणाल तर नियम आहेत. आधी टेलिग्राफ कायदा 1885 चा, त्यावर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आता 2023 चा दूरसंचार कायदा: गृहसचिवाची परवानगी हवी, एका हुकमाची मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी सहा. 2018 मध्ये केंद्रानं संगणकात डोकावायला दहा यंत्रणांना अधिकार दिले. पण फोनमध्ये खरखर आली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, अक्कलकोट रोडला रेंजच तशी आहे. 2021 मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या बातम्यांत कार्यकर्त्यांची नावं आली, तेव्हा आपलं नाव नाही म्हणून आमचा एक साथी आठवडाभर रुसला होता.

परदेशाचं आकर्षणही नको. ब्रिटनमध्ये मार्क केनेडी नावाचा पोलीस सात वर्षं केस वाढवून आंदोलकांत राहिला, प्रेमप्रकरणं केली, 2010 मध्ये उघडा पडला. जागतिक व्यापाराविरुद्धच्या आंदोलकांवर सिएटलला 1999 मध्ये अश्रुधूर, जिनोव्हात 2001 मध्ये गोळी. आपल्याकडं इतका खर्च नाही. मोठा नेता येणार असला की सकाळीच नोटीस. पूर्वी कलम 149 ची, आता 168 ची. दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसायचं. घरून चादर न्या. सोलापुरीच न्या, फक्त काळी नको.

आता त्याच्याशी घरोबा कसा वाढवायचा? कांद्यावर बोला. त्याचा भाऊ बार्शीकडं दोन एकर कांदा करतो. तिकडच्याच एका शेतकऱ्याला फेब्रुवारी 2023 मध्ये 512 किलो कांदा विकून हातात 2 रुपयांचा चेक आला होता, ते त्याला पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद झाली. डायरी मिटून तो हळूच विचारेल, "अण्णा, व्यापार मुक्त आहे म्हणता, मग आमचा कांदा का अडवला?" उत्तर द्या, पण हळू आवाजात. त्याच्यावरही कुणाचं तरी लक्ष असेल.

एवढं जमलं की तुम्ही मुरलात. फक्त कार्यक्रम रद्द झाला तर त्याला कळवायला विसरू नका. मागच्या गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत आम्ही विसरलो. दुपारी बाराला फोन आला.

"अण्णा, मी एकटाच उभाय ओ इथं. किती लिहू?"