तीन दगडांत चकाचक कताना? जरा थांबा

एक व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. दगडावर पातं घासणारे दोन हात, मागे बासरी आणि खाली लांबलचक मजकूर. त्यातले दावे थोडक्यात असे. जपानी तलवारीचं पॉलिश म्हणजे शेवटी धार लावणंच. ती धार अशी की वरून सोडलेला रेशमी रुमाल दोन तुकडे होऊन खाली पडतो. ४००, १००० आणि ६००० नंबरचे (नंबर मोठा तसा दगड बारीक) तीन दगड मागवले की घरच्या घरी पातं आरशासारखं होतं. पात्यावरची पांढरी लाट ॲसिडने काढतात. जितक्या वेळा पॉलिश कराल तितकी तलवार वधारते. आणि शेवटी, "आपल्या घरातल्या जुन्या तलवारीवरही करून पाहा."

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. आता एकेक मुद्दा घेऊ.

"पॉलिश म्हणजे धार लावणं."

स्वयंपाकघरातली सुरी दगडावर धरली की आपण तिच्या कडेचा एक अरुंद पट्टा तेवढा घासतो. कतानाला, म्हणजे या जपानी तलवारीला, असा वेगळा पट्टाच नसतो. पात्याच्या अंगावरून लांबीभर एक कंगोरा जातो, तो शिनोगी. तिथून धारेपर्यंत एकच सलग उतार असतो आणि तोही सपाट नाही, किंचित फुगीर. दोन्ही बाजूंचे उतार जिथे भेटतात ती धार. तोगिशी, म्हणजे हे काम करणारा कारागीर, घासतो तो हा अख्खा उतार, कंगोऱ्यावरची बाजू, पाठ आणि टोक. लोहाराकडून पातं येतं ते ढोबळ आकाराचं. शिनोगी कुठेही न डगमगता टोकापर्यंत नेणं, टोकाच्या अलीकडची योकोते ही आडवी रेघ स्वच्छ उमटवणं, फुगीरपणा दोन्ही अंगांना सारखा राखणं, यात त्याचा खरा वेळ जातो.

तुम्ही तेच पातं सुरीसारखं पंधरा-वीस अंशांत धरून घासलंत तर धार लागेल, नाही असं नाही. पण कडेला एक नवा पैलू पडेल. तो घालवायचा तर पुन्हा कंगोऱ्यापर्यंतचा सगळा उतार खाली न्यावा लागतो, साधारण सत्तर सेंटिमीटर लांबीवर आणि दोन्ही बाजूंनी. पाच मिनिटांच्या हौसेपायी पात्याचं किती पोलाद जातं याचा हिशेब तुम्हीच करा.

"रेशमी रुमाल."

ही दंतकथा जपानची नव्हेच. दमास्कसच्या तलवारींबद्दल ती कितीतरी आधीपासून सांगितली जाते. हवेत तरंगत येणाऱ्या रेशमाला वजन ते किती, आणि पात्यावर ते दाब देणार कसा? कताना कापते ती वेगाने आणि ओढून. जपानात आज तिची परीक्षा भिजवून गुंडाळलेल्या तातामी चटयांवर घेतात. पुढे.

"तीन दगड पुरतात."

इथे मात्र रेंगाळायला हवं, कारण गंमत सगळी इथेच आहे.

तोगिशी बुटक्या तिवईवर बसतो. समोर दगड, दगडावर एक वाकडा लाकडी दांडा दाबून बसवलेला आणि त्या दांड्यावर उजवा पाय. दगड हलू नये म्हणून पाय अख्खा दिवस तिथेच. दोन्ही हात पात्यावर, हाताखालच्या भागाला कापड गुंडाळलेलं. दगड जागच्या जागी, फिरतं ते पातं. दगडाचा माथाही सपाट नसतो. मुद्दाम किंचित उंचवट्याचा ठेवतात, म्हणजे एका वेळी पात्याचा लहानसा भागच टेकतो. पाण्यात थोडा सोडा घालतात, नाहीतर घासता घासताच गंज धरायचा.

पातं फार गंजलेलं असेल तर आधी खरखरीत दगड. मग एकापेक्षा एक बारीक होत जाणारे दगड: बिन्सुइ, काइसेइ, चु-नागुरा, कोमा-नागुरा आणि उचिगुमोरी. इथवर नुसता पाया. दगड बदलला की घासायची दिशाही बदलते: आधी पात्याला आडवं, मग तिरपं, शेवटी लांबीच्या दिशेने. दिशा बदलली की आधीच्या दगडाचे ओरखडे नव्या ओरखड्यांत लगेच उठून दिसतात. मागचा एक जरी उरला तरी पुढच्या दगडावर जायचं नाही. घाईने गेलात तर तो अगदी शेवटी, सगळं झाल्यावर दिव्याखाली दिसतो, आणि मग तीन पायऱ्या मागे.

व्हिडिओवाल्यांचं एक म्हणणं बरोबर आहे. सुरुवातीच्या टप्प्यांत कृत्रिम दगड वापरणारे तोगिशी आज आहेत. चांगले नैसर्गिक दगड मिळणंच दुर्मिळ झालंय. पण उचिगुमोरीच्या टप्प्यावर ६००० नंबर चालत नाही. क्योतो भागातल्या खाणींतला हा मऊ, बारीक दगड कडक पोलादावर एक पोत उठवतो आणि मऊ पोलादावर दुसरा. त्यामुळे धारेकडचा भाग दुधाळ दिसतो, अंग गडद. बारीक कृत्रिम दगडावर दोन्ही सारखंच चकाकतं आणि जे बघायचं तेच झाकलं जातं. पोलादाला दहा-पंधरा घड्या घालून आलेला लाकडाच्या रेषांसारखा पोत त्या आरशात कुठे दिसणार?

पाया झाला की दगड छोटे होत जातात. उचिगुमोरीची पातळ चकती घासून तिच्या पाठीला जपानी कागद उरुशी लाखेने चिकटवतात आणि ती अंगठ्याखाली धरून पात्यावर फिरवतात. ही हाझुया. अंगाच्या गडद भागासाठी जिझुया, ती क्योतोतल्या नारुताकीच्या कडक दगडाची. त्यानंतर नुगुइ: तापलेल्या लोखंडावरून सुटणारी काळी पापडी कुटून तेलात कालवायची, कागदातून गाळायची आणि कापसाच्या बोळ्याने अंगावर चोळायची. त्याने अंगाला निळसर काळी छटा येते. मग कंगोऱ्याच्या वरचा भाग आणि पाठ पोलादी सळईने घोटून काढतात. अख्ख्या तलवारीत आरसा काय तो एवढाच. टोकाचं काम सगळ्यात शेवटी.

एका पात्याला आठवडे लागतात. हे शिकायला पाच ते दहा वर्षं गुरूच्या घरी काढण्याची परंपरा आहे. होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं: घासणं, पुसणं आणि पारख. सुलेखन आणि मातीकामासाठी प्रसिद्ध असलेला होनआमी कोएत्सु (१५५८–१६३७) याच घरातला. १९७५ साली जपान सरकारने याच घराण्यातल्या होनआमी निश्शू यांना आणि त्यांच्या बरोबरीने ओनो कोकेइ यांना तलवार घासण्याच्या कलेसाठी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. तीन दगडांवर भागलं असतं तर जपान सरकार इतकं उदार झालं नसतं.

"पांढरी लाट ॲसिडची."

शोभेच्या स्वस्त तलवारींपुरतं हे खरं आहे. त्यांच्यावरची लाट ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने उमटवलेली असते. खऱ्या कतानाची गोष्ट वेगळी. पाणी देण्याआधी लोहार पात्यावर माती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी यांचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. भट्टीत तापवून पातं पाण्यात घातलं की पातळ लेपाखालचं पोलाद झटकन गार होतं आणि मार्टेन्साइट बनतं, म्हणजे फार कठीण. जाड लेपाखालचं सावकाश निवतं आणि मऊ, चिवट राहतं. दोघांची सीमा म्हणजे हामोन. ती पोलादाच्या आतच असते. तोगिशी फक्त वर आणतो.

तरी या दाव्यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करायला हवं. फोटोत जी ठळक पांढरी लाट दिसते ती बरेचदा तोगिशीने हाझुयाने पांढरी केलेली असते. हिला हादोरी म्हणतात. मेइजी काळात (१८६८–१९१२) रुजलेल्या या शैलीचं श्रेय सहसा होनआमी नारिशिगे यांना देतात. हादोरी हामोनच्या मागोमाग जाते, पण तिच्या प्रत्येक वळणात शिरत नाही. खरी हामोन पाहायची तर एकच उघडा बल्ब लावा, पातं त्याच्या दिशेने तिरपं धरा आणि नजर प्रकाशाच्या कडेला ठेवा. पांढऱ्याच्या आत सुटे चमकणारे कण दिसले तर ते निए. धुक्याची पट्टी दिसली तर निओइ. ॲसिडने सीमा भडक होते, पण हे बारकावे जातात.

ॲसिडची कल्पना आली कुठून असावी? माझा अंदाज, आपल्याकडून. भारतातल्या वूट्झ पोलादाची पाण्यासारखी नक्षी खरोखरच आम्ल द्रव्यं लावून उठवतात. पोलाद निराळं, रीत निराळी. फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी झालीय.

"जितकं पॉलिश तितकं मोल."

हा दावा सगळ्यात घातक. घासणं म्हणजे पोलाद काढणं. पुष्कळ कतानांत बाहेर कठीण पोलाद आणि आत मऊ गाभा असतो. घासत राहिलं की कातडं विरतं आणि कुठेतरी पोत नसलेला निर्जीव डाग दिसायला लागतो. तो गाभा. जपानी पारखी अशा पात्याला थकलेलं म्हणतात. टोकाची हामोन झिजून संपली तर ती परत आणता येत नाही; पुन्हा तापवून पाणी दिलं तर तो मोठा दोष मानतात. कामाकुरा काळातली (११८५–१३३३) पाती आजवर टिकली ती जपून घासल्यामुळे. एरवीची निगा म्हणजे जुनं तेल पुसायचं आणि लवंगेच्या वासाचं तेल पुन्हा लावायचं, बस.

मुठीत दडणाऱ्या भागाला, नाकागोला, तर दगड लावतच नाहीत. तिथला काळपट गंज पात्याचं वय सांगतो, आणि लोहाराची सहीही तिथेच असते. एदो काळात (१६०३–१८६८) यामादा आसाएमोनच्या घराण्यातले लोक मृत्युदंड दिलेल्यांच्या प्रेतांवर तलवारींची चाचणी घेत, आणि कधी कधी त्या चाचणीचा निकाल नाकागोवर सोन्याने कोरून घेत. 'स्वच्छ' करायला कुणी तारेचा ब्रश घेतला की हे सगळं पुसलं गेलं समजा.

राहिली घरातली जुनी तलवार. ती कताना नाही. आपल्याकडे हत्यारांना जिल्हई द्यायचं काम शिकलगार करत आले, त्यांची साण वेगळी आणि रीतही वेगळी. जपानी दगड तिच्यावर चालवू नका. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच, पितळेचं पॉलिश, काहीच नको; मुठीवर सोन्या-चांदीचं तारकाम असेल तर मुळीच नको. कोरड्या सुती कापडाने पुसा, मिनरल ऑइलचा पातळ हात द्या, उघड्या बोटांनी पातं धरू नका. गंज खोल गेला असेल तर जुन्या धातूंच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा. खंडेनवमीला कुंकू आणि ओली झेंडूची फुलं वाहिलीत तर ती रात्रभर पात्यावर ठेवू नका. पूजा झाली की लगेच काढा, पातं पुसा आणि पुन्हा तेल लावा.