मॉरिशस-मुंबई फ्लाईट आणि तो पावसाळी फॉरवर्ड

पावसाळा आला की हा मेसेज परत फिरायला लागतो: "जुलै-ऑगस्टमध्ये मॉरिशसहून थेट मुंबई बुक करू नका. पावसात विमान उतरवत नाहीत, वर घिरट्या घालून पेट्रोल संपतं. दिल्लीमार्गे या, नाहीतर निदान रात्रीची घ्या, तेव्हा पाऊस कमी असतो. लेट झालं तर एअरलाईन पैसे देतेच." पुढे हात जोडलेले इमोजी.

पावसात उतरवत नाहीत म्हणे. मग जून ते सप्टेंबर मुंबई विमानतळाला काय कुलूप असतं का? नुसत्या पावसाने लँडिंग अडत नाही, अडतं ते रनवे दिसेनासा झाला, आडवा वारा लिमिटबाहेर गेला किंवा रनवेवर पाणी साचलं तर. साध्या कॅटेगरी वन आयएलएसला (रेडिओ सिग्नलने विमानाला रनवेपर्यंत आणणारी यंत्रणा) रनवेवर 550 मीटर दिसलं तरी चालतं, पायलट 200 फुटांपर्यंत खाली येतो, लाईट दिसले तर उतरतो, नाही दिसले तर फुल पॉवर देऊन परत वर, आणि आत बसलेल्या आपल्याला वाटतं आता मेलो, पण तो गो-अराऊंड असतो आणि पायलटला तो घोटवून घेतलेला असतो. ओल्या रनवेसाठी कोरड्यापेक्षा 15 टक्के जास्त लांबी धरून हिशोब निघायच्या आधीच झालेला असतो. आता 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान मुंबईत रनवेच्या पुढे गेलं होतं, ते खरंय, मेन रनवे चारेक दिवस बंद होता. पण तेव्हाही विमानं उतरतच होती, दुसऱ्या रनवेवर. लेट का होतं मग? मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, त्यात पावसात विमानांमधलं अंतर वाढवलं की रांग लागणारच.

पेट्रोल संपतं? पहिलं म्हणजे पेट्रोल नसतंच, एटीएफ म्हणजे विमानाचं वेगळं इंधन असतं. आणि मुंबईपर्यंतचं, वर थोडं जास्तीचं, मग अहमदाबाद किंवा हैदराबादसारख्या पर्यायी विमानतळाला जाण्याचं, आणि त्याच्याही वर शेवटची 30 मिनिटं राखून ठेवलेली, एवढं घेऊनच निघतात. डायव्हर्ट झालं म्हणजे प्लॅन फसला नाही, प्लॅनमध्ये होतं तेच केलं.

दिल्लीमार्गे या हे तर भारीच, दिल्लीहून मुंबईला काय बैलगाडीने येणार? उतरायचं त्याच रनवेवर, त्याच पावसात. वर आणखी एक फ्लाईट चुकायची सोय.

रात्री पाऊस कमी असा काही नियम नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला तो दुपारनंतर धरला आणि रात्रीही थांबला नाही. काही जण पुढे जोडतात की मॉरिशसलाही तेव्हा वादळं असतात, तर तिथे जुलैत हिवाळा असतो राव, चक्रीवादळांचा सीझन नोव्हेंबरपासून पुढे. गंमत म्हणजे मॉरिशसच्या आसपासच्या समुद्रावर जो हाय प्रेशर तयार होतो त्याला मस्करीन हाय म्हणतात, तिथले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि तेच आपला नैऋत्य मान्सून होऊन येतात. म्हणजे पाऊस पण तिकडूनच निघतो, फक्त लांबचा रूट घेतो.

भरपाईचं विसरा. हवामानामुळे फ्लाईट रद्द झाली तर इथल्या नियमात एअरलाईनला रोख भरपाई बंधनकारक नाही, रिफंड किंवा दुसरी फ्लाईट मागा.

बुक करताना बघायचं ते वेगळंच. मुंबईहून पुढे रत्नागिरी-कोल्हापूरकडे जाणार असाल तर त्याच दिवशीची गाडी काढू नका, पुढे नागपूर वगैरे फ्लाईट असेल तर एकाच पीएनआरवर घ्या म्हणजे पहिली लेट झाली तरी दुसरीवर बसवायची जबाबदारी त्यांची. घड्याळ दीड तास पुढे जातं तेही धरा, सहा-साडेसहा तासांची फ्लाईट कागदावर साडेसात-आठ तासांची दिसते. आणि त्या दिवशीची समुद्राच्या भरतीची वेळ बघून ठेवा, भरतीत पावसाचं पाणी लवकर ओसरत नाही, आणि सामान घेऊन बाहेर आल्यावर अंधेरी सबवे (रेल्वेखालून जाणारा रस्ता) पाण्याने भरलेला असेल तर तिथे पर्यायी विमानतळ नसतो.