मामांनी साडेसात हजार भरले, त्या मेसेजबद्दल

रविवारी सकाळी मामांचा फोन. "अरे, गाडीचा पॅक मी भरून टाकलो बघ. तीन वर्षांचा. साडेसात हजार." मोठं काम वेळेत उरकल्याचं समाधान आवाजात. कसला पॅक, म्हणून विचारलं तर उलट मलाच, "तुला मेसेज आला नाही काय? फोन गाडीला जोडायचं बंद होणार की सगळीकडं. दंड पण आहे."

मेसेज मला आला होता, चार वेळा. गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, खानापूरच्या मेहुण्याकडून आणि निपाणीच्या एका गिऱ्हाइकाकडून. चारही वेळा मी तो अंगठ्यानं वर सरकवला. तेव्हाच दोन ओळी लिहिल्या असत्या तर मामांचे साडेसात हजार वाचले असते. म्हणून आता लिहितो.

आधीच सांगतो, माझं बेळगावच्या शहापुरात गाड्यांच्या ॲक्सेसरीचं दुकान आहे. डेक बसवणे, कॅमेरा बसवणे, सीट कव्हर. त्यामुळं 'याचा धंदा बुडतोय म्हणून ओरडतोय' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पूर्वी कंपनीचा डेक आवडला नाही तर माणूस माझ्याकडं यायचा, मी दोन स्क्रू काढून दुसरा बसवायचो. आताच्या कित्येक गाड्यांत एसीसुद्धा त्या स्क्रीनमधूनच चालतो. ती काढून दुसरी बसवणं सोपं राहिलेलं नाही. कंपनीनं त्यात काही द्यायचं बंद केलं तर गिऱ्हाइकाला दुसरा दरवाजा नाही, हे मी रोज बघतो.

ज्यांना मेसेज आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'जगातील सर्व कार कंपन्या अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले बंद करत आहेत. भारतात फोन गाडीला जोडल्यास ५००० रुपये दंड. फोन जोडल्याने अपघात होतात. गूगल तुमचा डेटा चोरते, कंपनीची सिस्टिम सुरक्षित. खर्च रोजच्या एका चहापेक्षा कमी. पॅक न घेतल्यास एसओएस आणि वॉरंटी बंद.' खाली हात जोडलेले, 'जनहितार्थ'. अँड्रॉइड ऑटो (गूगलचं) आणि कारप्ले (ॲपलचं) म्हणजे फोन जोडून त्यातला नकाशा, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय. पॅक म्हणजे कंपनीचा स्वतःचा नकाशा आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण, चालू ठेवायचे पैसे.

'सर्व कंपन्या' या दोन शब्दांपासून सुरुवात करू. मूळ बातमी एका कंपनीची. जनरल मोटर्सनं २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांच्या प्रमुख मेरी बारा यांनी पुढं पेट्रोलच्या गाड्यांतूनही ते जाईल असं सांगितलं. हीच ती स्पार्क, बीट, टवेरावाली कंपनी. २०१७ संपता संपता तिनं भारतात गाड्या विकणं बंद केलं. जी कंपनी आपल्याकडं गाडीच विकत नाही तिनं काय काढलं म्हणून मामांनी पैसे भरायचे? टेस्ला आणि रिव्हियन या अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्यांनी तर हे कधी दिलंच नव्हतं, म्हणजे 'बंद' करायचा प्रश्न नाही. फोर्डच्या प्रमुखांनी आपण हे काढणार नाही असं उघड सांगितलंय. आणि आपल्या रस्त्यावरच्या मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा, किआ? शोरूममध्ये जाऊन बघा, विक्रेता पहिल्या पाच मिनिटांत तेच कौतुकानं दाखवतो.

तरी गेल्या महिन्यात माझ्याकडं दोघे आले, "कंपनीनं अँड्रॉइड ऑटो बंद केलं हो" म्हणत. दोघांच्याही वायरी बघितल्या. एक फक्त चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नाहीत. दुसरीचं टोक ढिलं. वायर बदलली, चालू झालं.

दंडाचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे. मेसेजवाल्यानं ५००० चा आकडा इथूनच उचलला असणार. पण १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमांत दुरुस्ती झाली. तीत म्हटलंय की हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येईल, तेही चालवणाऱ्याचं लक्ष उडणार नाही अशा रीतीनं. हातातल्या फोनवर नकाशा बघायलासुद्धा नियमानं एवढी सूट दिली आहे. मग फोन खाली ठेवून समोरच्या स्क्रीनवर नकाशा बघणाऱ्याला दंड कुठून आला?

आता ज्या मुद्द्यानं मी खरा चिडलो तो. 'फोन जोडल्याने अपघात होतात.'

पॅक भरल्यावर पुढच्याच शनिवारी मामा-मामी गोव्यात कवळ्याला देवीला निघाले. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. हा रस्ता मामांना पाठ आहे, घाट उतरेपर्यंत नकाशा लागतच नाही. पण मेसेज वाचल्यापासून मामांनी वायर काढून घरी ठेवलेली. आता पैसे भरलेत तर कंपनीचाच नकाशा वापरायचा, असा हिशोब. कणकुंबीच्या पुढं जंगलात रेंज गेली आणि कंपनीच्या नकाशावर गोल चक्र फिरायला लागलं. घाट उतरून रेंज आली तरी चक्र फिरतच राहिलं. साखळीच्या अलीकडं दोन रस्ते समोर आले. मामींनी मामांचा फोन हातात घेतला. त्यात मीच गोव्याचा नकाशा डाउनलोड करून ठेवलेला, तो नेट नसतानाही चालतो. मामींना चष्मा सापडेना. त्या म्हणतात डावीकडं, फोन म्हणतो उजवीकडं. शेवटी मामांनी फोन हिसकावून घेतला, स्टिअरिंगवर टेकवून धरला आणि खाली बघत वळण घेतलं. समोरून खडीचा डंपर. "देवीनंच वाचवलं बघ," असं मामी आल्यावर सांगत होत्या. देवीनं वाचवलं खरंच. पण फोन मामांच्या हातात आणला तो या 'सुरक्षित' मेसेजनं. तोच नकाशा एका वायरीनं समोरच्या दहा इंची स्क्रीनवर आला असता, मराठीत बोलला असता आणि मामींना चष्मा शोधावा लागला नसता.

हे माझ्या घरचं झालं. मोजलेलंही आहे. ट्रिपल-ए ही अमेरिकेतली वाहनधारकांची मोठी संघटना. तिच्या फाउंडेशननं २०१८ मध्ये युटा विद्यापीठाकडून पाच गाड्यांत चाचणी करून घेतली. एकीकडं गाडीची स्वतःची सिस्टिम, दुसरीकडं कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो. कॉल लावायला फोनवाली पद्धत सरासरी ५ सेकंद आधी मोकळी झाली, नकाशात पत्ता घालायला १५ सेकंद आधी. ताशी ६० च्या वेगानं गाडी १५ सेकंदांत २५० मीटर जाते. कंपनीच्या मेनूत बोट घालून तेवढा जादा रस्ता अर्ध्या लक्षानं जायचं, आणि त्याला सुरक्षा म्हणायचं?

एक मान्य करावं लागेल, नाइलाजानं. याच अभ्यासात दोन्ही फोनवाल्या सिस्टिमही निर्दोष ठरल्या नव्हत्या. आणि २०२० मध्ये इंग्लंडात टीआरएल या संस्थेनं केलेल्या चाचणीत कारप्लेला बोट लावताना चालकाची प्रतिक्रिया ५७ टक्क्यांनी मंदावली, अँड्रॉइड ऑटोला लावताना ५३ टक्क्यांनी. तिथल्या कायद्यानं चालेल इतकी दारू प्यायल्यावर ती मंदावते १२ टक्क्यांनी. म्हणजे चालत्या गाडीत स्क्रीनला बोट लावणं वाईटच, मीही गिऱ्हाइकाला तेच सांगतो. पण म्हणून फोनची स्क्रीन काढून कंपनीची स्क्रीन लावली तर बोट लावणं थांबतं का?

डेटाचा मुद्दा वाचून तर मी दुकानात एकटाच हसलो. म्हणे 'गूगल डेटा चोरते, कंपनीची सिस्टिम सुरक्षित'. जनरल मोटर्सनं अँड्रॉइड ऑटो काढलं. त्या जागी काय आणलं ठाऊक आहे? गूगलबरोबर बनवलेली सिस्टिम. आत गूगलचाच नकाशा, हाक मारली की बोलणारा गूगलचाच असिस्टंट. चोराला पुढच्या दारानं हाकलून मागच्या दारानं जेवायला बसवल्यासारखं झालं. फरक इतकाच की आता मध्ये कार कंपनीही बसली. आणि ती काय करते तेही बाहेर आलंय. याच जनरल मोटर्सच्या गाड्या लोक कुठं जातात, किती जोरात ब्रेक मारतात, रात्री किती फिरतात हे टिपत होत्या. ही माहिती दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होती आणि लोकांचे हप्ते वाढत होते. गाडीवाल्यांना पत्ता नाही. २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं हे छापलं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. ठिकाणाची माहिती काही वेळा दर ३ सेकंदांना घेतली जात होती, असं कमिशनचं म्हणणं. अशी माहिती त्या दलालांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. गूगल साधू आहे असं मी म्हणत नाही. पण फोनमधलं लोकेशन मी अंगठ्यानं बंद करू शकतो. कंपनीनं गाडीच्या आत बसवलेल्या सिमचं बटण कुठं आहे, दाखवा मला.

चहाचा हिशोब मात्र बरोबर आहे. साडेसात हजार भागिले तीन वर्षं, रोजचे सात रुपयेसुद्धा होत नाहीत. पण चहा मी रोज पितो. मामा गाडी काढतात आठवड्यातून दोनदा, त्यातलं एकदा भाजी आणायला. आणि जो नकाशा फोनमध्ये फुकट आहे त्याचाच हा चहा. पैशाचा खरा आकडा कंपनीनंच सांगितलाय. २०२१ मध्ये जनरल मोटर्सनं गुंतवणूकदारांना सांगितलं की २०३० पर्यंत सॉफ्टवेअर आणि सेवांतून वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर मिळवायचेत. फोन फुकटात नकाशा दाखवत राहिला तर त्यातला किती वाटा जमायचा? बीएमडब्ल्यूनंही हे करून बघितलंय. कारप्लेसाठी अमेरिकेत वर्षाला ८० डॉलर लावले, लोक बोंबलले, २०१९ च्या शेवटी सोडून दिलं. मग २०२२ मध्ये गरम सीटला महिन्याचं भाडं. सीट गाडीत, हीटर सीटमध्ये, चालू करायला भाडं! तेही पुढच्या वर्षी गुंडाळलं. लोकांनी नको म्हटलं की गुंडाळतात, पण आपण आधीच हात जोडून 'जनहितार्थ' पाठवतो.

अजून एक मानतो, इलेक्ट्रिक गाड्यांपुरतं. बॅटरी किती उरली, चार्जर कुठं आहे, तिथं पोचेपर्यंत बॅटरी कितपत तापवून ठेवायची, हे गाडीच्या स्वतःच्या नकाशाला चांगलं जमतं. कोल्हापूर-पुणे इलेक्ट्रिक गाडीनं करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. मग दोन्ही ठेवा की. एक द्यायचं म्हणून दुसरं काढायची काय गरज?

एसओएसचं बटण पॅक संपल्यावर काही गाड्यांत बंद पडतं, हे खरं. पण तेही मोबाइलच्याच रेंजवर चालतं, चोर्ल्यात जिथं रेंज नाही तिथं तेही मुकंच. आणि ११२ तुमच्या फोनवरून फुकट लागतो. वॉरंटीचं म्हणाल तर मामांच्या गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून मी वॉरंटीची सगळी पानं वाचली. इंजिन, गिअरबॉक्स, गंज, बॅटरी, सगळं आहे. पॅकचा 'प' नाही.

भाषेबद्दल मेसेजमध्ये काही नाही, पण राहवत नाही म्हणून सांगतो. मामांच्या गाडीच्या सिस्टिममधली बोलणारी बाई फक्त इंग्रजी आणि हिंदी बोलते. तिला 'बेळगाव' म्हटलं की ती विचारात पडते, २०१४ चं सरकारी नाव घेतलं तरच हलते. सरकारी कागदावर काय असावं त्या वादात मी पडत नाही, पण माझ्या गाडीत मी माझ्या गावाला काय म्हणायचं हे कंपनीनं का ठरवावं? फोनला दोन्ही नावं कळतात.

शोरूमला जाऊन आलो. पॅकचे पैसे परत मिळत नाहीत, अटीत लिहिलंय म्हणाले. मेसेज आम्ही पाठवला नाही, असंही म्हणाले. नसेलही. पण मामांना फोन करून 'मेसेज बघितला काय?' असं विचारणारा मुलगा त्यांच्याच काउंटरवर बसतो.

परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. गोवावेसला सिग्नलवर थांबल्यावर म्हणाले, "मी पण सात ग्रुपवर पाठवलो की रे तो."

तर मामा, हे त्या सातही ग्रुपवर टाका. आणि वायर मामींना सापडली आहे. जुन्या चार्जरांच्या डब्यात, रबर लावून ठेवलेली. तीच घ्या, ती डेटावाली आहे.